पट्टीवरचा पिवळा रंग

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी साडेसहाला, चाकूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी दूध संकलन केंद्रावर माझ्या भावजयीचे दूध युरियाच्या चाचणीत नापास झाले. मंगळवारी सकाळी ते पुन्हा नापास झाले. ही चाचणी केंद्रावर त्याच आठवड्यात सुरू झाली होती. दोन्ही वेळा दुधात बुडवलेली कागदी पट्टी पिवळी पडली. केंद्राचा नियम असा की तिसऱ्यांदा पट्टी पिवळी पडली तर सभासदाचा नंबर कायमचा बंद होतो, म्हणजे त्याचे दूध पुन्हा घेत नाहीत. गावात दुसरे केंद्र नाही.

नंबर भावजयीच्या नावावर होता. घराची जमीन माझ्या भावाच्या नावावर आहे, विजेचे मीटर अजून आमच्या वडिलांच्या नावावर आहे. केंद्र सुरू झाले तेव्हा तिने स्वतः जाऊन अर्जावर सही केली आणि नंबर घेतला. सात वर्षे रोज दोन वेळा ती कॅन घेऊन केंद्रावर जात होती. भाऊ एकदाही गेला नव्हता.

मंगळवारी दुपारी भावाचा फोन आला. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर राहते. वर्तमानपत्रात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली, आता निवृत्त आहे.

"आक्का, जरा येऊन जा," तो म्हणाला. "फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

मी कधी, किती वाजता, किती वेळा, हे विचारून घेतले. त्याने सांगितले. मग म्हणाला, "गोणीतला युरिया बी कमी झालाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, तू समजून घे की."

मी समजून घेतले. दुधात पाणी घातले की ते पातळ पडते आणि यंत्रावर सापडते. मग पाणी लपवायला दुधात युरिया मिसळतात. ही माहिती मला नवी नव्हती. नोकरीच्या काळात बिलोली तालुक्यातल्या एका दूधवाल्याची बातमी मीच केली होती. 'दुधात युरिया आढळला' असे दोन कॉलमी शीर्षक होते. अधिकाऱ्याने फोनवर सांगितले, मी लिहिले. दूधवाला दुसऱ्या दिवशी कार्यालयात आला होता आणि मला भेटायचे म्हणून खाली बाकावर बसून होता. मी एका सभेला गेले होते. त्याचा खुलासा आम्ही छापला की नाही, हे मला आठवत नाही. बुधवारी सकाळी लोहा-अहमदपूरमार्गे चाकूरला जाणाऱ्या बसमध्ये मी ते आठवण्याचा प्रयत्न केला. आठवले नाही.

घरी पोहोचले तेव्हा भावजय अंगणात कॅन घासत होती. ती उदगीरकडची आहे, बोलणे कमी. "या आक्का," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सोमवारविषयी ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही. आधी पाहायचे आणि मग विचारायचे, ही सवय.

भाऊ मला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे मक्याच्या मुरघासाच्या बॅगा रचलेल्या होत्या. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला चारा. सहसा त्यासाठी मक्याचे अख्खे झाड कापतात. भावाने या वर्षी नुसत्या दाण्यांचा केला होता. कारण असे की ऑक्टोबरात मका काढणीला आला आणि पाऊस थांबेना. दाणे ओले राहिले, ऊन मिळेना, कणसांना बुरशी धरू लागली, व्यापारी हात लावेनात. तेव्हा तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले की वाळवू नका, ओलाच भरडा, त्यात मोजून युरिया मिसळा आणि बॅगेत दाबून तोंड बांधून टाका. युरियाने बुरशी लागत नाही आणि खाद्यातली प्रथिने वाढतात. किती भरड्याला किती युरिया, ते डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिले. तो कागद भावाने शेडच्या लाकडी खांबाला खिळ्याने ठोकून ठेवला होता. अकरा बॅगा भरल्या होत्या. दीड महिन्याने, डिसेंबरात, पहिली फोडली. मी गेले त्या दिवशी चौथी चालू होती.

"टाकलास किती?" मी विचारले.

"कागदावर हाय तितकाच. तागडीनं मोजून. एक मूठ बी जास्ती न्हाई."

"मिसळला कुणी?"

"मीच. सकाळच्याला भरडा ताडपत्रीवर पसरला, वरून टाकला, फावड्यानं खालवर केला. मग बॅगा बांधायची दोरी कमी पडली म्हणून चाकूरला गेलो. तवर हिनं आन् बायकांनी बॅगा भरून घेतल्या."

कोपऱ्यात युरियाची गोणी होती, तोंड दुमडून सुतळीने बांधलेली. भावाने ती उचलून दाखवली. "बग. मक्यात टाकून जितकी उरली होती तितकी हाय का ही? मी हरभऱ्याला ठेवली होती. हात लावला न्हाई. निम्मी झाली."

"उरली होती तेव्हा तोललीस का?"

"तोललं न्हाई. पर उचलून कळतंय की आक्का. पोतं उचलण्यात जिंदगी गेली."

मी वहीत लिहिले: गोणी कमी, भावाचे म्हणणे, वजन केलेले नाही.

"तिला विचारलंस?"

"काय इचारू? दुधात टाकलास का म्हणून?" तो खाली बघून म्हणाला. "न्हाई म्हणली तर मला पटायचं न्हाई. हाव म्हणली तर काय करू?"

त्या दुपारी चहाला गूळ हवा होता म्हणून मी सामानाच्या खोलीत गेले. ज्वारीच्या कणगीमागे पत्र्याचा एक जुना डबा दिसला. झाकण उघडले तर आत तळाशी पांढरे गोल दाणे होते, ओल लागून काही एकमेकांना चिकटलेले. त्यांना कडुनिंबाचा वास होता. हल्ली खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, तो हा वास. डब्यापासून दोन हातांवर खुंटीला दूध गाळायचे फडके वाळत होते आणि खाली कॅन पालथी घातली होती.

मी वहीचा कोपरा फाडला, त्यात चिमूटभर दाणे बांधले, पुडी पर्समध्ये ठेवली आणि डबा होता तिथे ठेवला. भावाला सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने त्याच क्षणी निकाल दिला असता. माझा निकाल तोवर जवळजवळ झालेला होता.

संध्याकाळी मी केंद्रावर गेले. भावजय आली नाही. दूध घरीच आटवत होती. केंद्र चालवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रांगेत सात-आठ बायका होत्या.

"आक्का आल्या जणू," एकजण म्हणाली. "आता पेपरात फोटो येतोय बगा भावजयीचा."

"पेपरात कशाला? खताच्या गोणीवरच छापा म्हणावं."

"तिच्या दुधाचा च्या पेला की दाढी दोनदा करावी लागतीय म्हणं आमच्या मालकाला!"

सगळ्या हसल्या. मागची म्हातारी म्हणाली, "गप बसा गं भवान्यांनो. तुमच्या कॅनीत हात घातला तर मासे निघतील."

मास्तरांनी मला आत खुर्ची दिली आणि दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यांनी त्या तारीख घालून वहीत चिकटवल्या होत्या. शेजारी इतर सभासदांच्या पट्ट्या होत्या. त्याही पांढऱ्या नव्हत्या, फिकट पिवळसर होत्या. भावजयीच्या दोन हळदीसारख्या होत्या.

"थोडा पिवळेपणा सगळ्याच दुधाला येतोय," मास्तर म्हणाले. "ह्यो मात्र बगा. मी काय करू आक्का? पट्टी काय माझ्या घरची हाय का?"

"फॅट किती लागते तिच्या दुधाची?"

"फॅट झक्कास. पहिल्यापरीस वाढलीय. त्याच्यामुळंच तर शक येलालाय."

"चांगली असली तरी शक आणि वाईट असली तरी शक?"

"आता जमानाच तसला हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी वही मिटली. "तिसऱ्या बारीला मात्र माझ्या हातात काय राहणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

एक गोष्ट मास्तरांनी मला सांगितली नाही आणि मीही त्यांना विचारली नाही. सभासदाने लेखी मागणी केली तर लातूरच्या दूध संघाचा सुपरवायझर घरी येतो, त्याच्यासमोर जनावराचे दूध काढले जाते आणि थेट कासेतल्या दुधाची चाचणी होते. कासेतले दूध निर्दोष निघाले आणि केंद्रावरचे सदोष, तर मिसळ मधल्या हातांनी झाली हे सिद्ध होते. मला हे बातमीदारीपासून माहीत होते. घरी आल्यावर मी ते सांगितले नाही. भावजय दोषी आहे असे मी धरून चालले होते, आणि तशी चाचणी झाली तर ते गावासमोर कागदावर येणार होते.

गुरुवारी सकाळी मी चुलीपाशी बसले होते. भावजय भाकरी थापत होती. परातीतून हात न काढता ती म्हणाली, "आक्का, डबा हलवला तुमी."

मी हो म्हणाले.

"आन् पुडी बांधून घेतलाव, दारातून बगितलं मी. कुणाला दावणार हाव?"

"अजून ठरवलं नाही. तो युरिया तिथे कशासाठी आहे?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "दुधासाठी न्हाई."

"मग?"

तिने भाकरी उलटली. मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "ते सांगायचं असतं तर आधी ह्यांना सांगितलं असतं. त्यांच्या बहिणीला आधी कसं सांगू?"

या उत्तराने माझा संशय वाढला. ज्यांना सांगण्यासारखे काही नसते ती माणसे अशीच उत्तरे देतात, असा माझा अनुभव होता. तिला अडवून बघावे म्हणून मी सुपरवायझरची गोष्ट त्याच वेळी सांगितली. घरी येतात, समोर दूध काढायला लावतात, कासेतल्या दुधाची पट्टी करतात. ती घाबरेल असे मला वाटले होते.

तिने तव्यावरची भाकरी काढली. "असं असतंय?" ती म्हणाली. "मग कालच का सांगितलं न्हाई तुमी?"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "कागद आणा. लिहा. सही मी करते."

अर्ज मी लिहिला, चार ओळींचा. तिने सही केली. मास्तरांनी तो फोनवर फोटो काढून लातूरला पाठवला. सुपरवायझर शुक्रवारी सकाळी येणार असे कळवले.

भावाने ऐकले तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "कामून केलंस हे? घरातलं घरात मिटलं असतं."

"तिनेच मागितलं."

"तिनं?" त्याने गोठ्याकडे बघितले. "तिला कळलंय का, काय व्हतंय ते?"

शुक्रवारी सुपरवायझर सहाच्या आधीच आले. चाळिशीचे गृहस्थ, मफलर बांधलेले, बरोबर बाटल्यांची पेटी. मास्तर सोबत होते. अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे शेजारच्या चार-पाच बायका उभ्या राहिल्या. त्यांतली एक केंद्रावर हसणाऱ्यांपैकी होती.

सुपरवायझरांनी भावजयीला आपल्या बाटलीतल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. बांगड्या वर सरकवायला सांगितल्या, त्याखाली बघितले. पदर कमरेला घट्ट खोचायला सांगितला. तिने सगळे केले. बादली घरची नको म्हणून त्यांनी आपले स्टीलचे भांडे दिले.

"ताई, राग मानू नका. नियम आहे," ते म्हणाले.

"राग कसला," ती म्हणाली. "चोराला झडती द्यावीच लागतीय."

घरी दोन म्हशी आणि एक जर्शी गाय. थोरली म्हैस आधी घेतली. तिच्यापुढे नेहमीप्रमाणे ओल्या मक्याचे टोपले ठेवावे लागले, त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. भावाने बॅगेचे तोंड सोडले तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आले. तीक्ष्ण वास होता, नाकात टोचणारा. भावाने भरडा काढला आणि लगेच बॅगेची सुतळी पुन्हा आवळली.

"जरा उघडी राहू द्या की," सुपरवायझर म्हणाले. "वास जाऊ द्यावा लागतो."

"वास गेला तर ताकद बी जाती साहेब," भाऊ म्हणाला.

सुपरवायझरांनी त्याच्याकडे बघितले. म्हशीने टोपल्यात तोंड घातले, मान झटकली, पुन्हा घातले.

दूध निघाले. त्यांनी भांड्यातून थोडे बाटलीत घेतले, पट्टी बुडवली, घड्याळ बघितले. आम्ही सगळे पट्टीकडे बघत होतो. आधी कडेला रंग आला, मग मध्ये. हळदीसारखा पिवळा.

भिंतीपलीकडची बाई म्हणाली, "अगं माय! म्हशीच्या पोटातूनच खत येलालंय!"

मास्तरांनी पागोट्याखाली बोट घालून डोके खाजवले. भाऊ पट्टीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा सैल झाला. बायकोने दुधात काही टाकले नव्हते हे त्याला त्या क्षणी समजले, इतके मी सांगू शकते.

सुपरवायझर मात्र सैल झाले नाहीत. "भांडं माझं, पाणी माझं, हात माझ्यासमोर धुतलेले," ते म्हणाले. "पण जनावराला आज मुद्दाम काही पाजलं असेल तर?"

माझ्याही मनात तेच आले होते. आदल्या दिवशी अर्ज गेला, म्हणजे एक रात्र हाताशी होती.

भावजय म्हशीखालून उठली. "गाईचं बी बघा," ती म्हणाली.

"गाईचं काय?"

"गाय मका खात न्हाई. पहिल्या दिसापासून तोंड लावलं न्हाई तिनं, वासामुळं. तिला नुस्ता कडबा आन् पेंड. हात माझेच, गोठा ह्योच, पाणी ह्येच. तिची पट्टी बघा."

गाईचे दूध काढले. पुन्हा हात धुवून घेतले. पट्टी बुडवली. मिनिटे मोजली. पट्टी फिकट राहिली, मास्तरांच्या वहीतल्या इतर पट्ट्यांसारखी.

सुपरवायझर उकिडवे बसले आणि टोपल्यातला भरडा हातात घेऊन हुंगला. "मक्यात युरिया आहे?"

भावाने खांबावरचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला.

"इतकाच टाकला?"

"तितकाच. तागडीनं."

"इतक्यावर असा वास येत नाही. आणि म्हशीच्या दुधाला असा रंग नाही येत. मी दुसरीकडे बघितलंय ना, ह्याच प्रमाणात घालतात. खरं सांगा, जास्त टाकला का? जास्त टाकला तर जनावर मरतं, कळतंय का?"

"आईची आन, साहेब. एक मूठ बी जास्ती न्हाई."

मग भावजय म्हणाली, "दुबार पडलाय."

आमच्याकडे हा शब्द पेरणीसाठी वापरतात. पेरले, पाऊस गेला, उगवले नाही, पुन्हा पेरले की दुबार. त्यामुळे सुपरवायझरांनाही तो समजायला वेळ लागला नाही. फक्त भावाला लागला.

"काय दुबार?"

"युरिया. तुमी टाकून गेलाव, मी परत टाकला."

"कवा?"

"तुमी दोरी आणायला चाकूरला गेल्ता तवा. आम्ही भरायला बसलो तर ताडपत्रीवर पांढरं कायच न्हाई. एक दाणा दिसंना. गोणी बगितली तर भरल्यावानी. मला वाटलं, हरभऱ्यासाठी राखलाव आन् टाकला म्हणून सांगतेत. बुरशी लागली तर जनावरं मरतील. मग मी डब्यानं घेतला आन् टाकला, उरला त्यो डब्यातच कणगीमागं ठेवला. कागदावर हाय तितकाच."

"अगं, ओल्या भरड्यावर विरघळतोय त्यो! अर्ध्या घंट्यात दिसत न्हाई!"

"ते मला काय माहीत? शेतात टाकताव तवा दिसतोय की दुपारपर."

"इचारायचं न्हाई मला?"

"इचारून खरं कळलं असतं का?" तिचा आवाज चढला नाही. "मागल्या साली म्हशींच्या मिनरलची पुडी दोन महिने माळ्यावर पडून होती, आन् तुमी रोज सांगत होताव, घातली घातली. मीच काढली ना धूळ झटकून?"

भिंतीपलीकडून हसू ऐकू आले. मास्तर म्हणाले, "राहू द्या माय, ते राहू द्या."

भावाने शेडकडे बघितले. मग त्याने विचारले, "मग गोणी?"

"गोणी तवाच कमी झाली. तुमाला आता दिसली."

"मग सोमवारी पट्टी पिवळी आली तवाच का बोलली न्हाईस? नंबर चालला होता तुझा."

तिने कमरेला खोचलेला पदर सोडला. "बोलले असते तर काय म्हणलं असतं लोक? नवऱ्यावर इमान न्हाई म्हणून खाद्यात खत टाकती. त्यापरीस..." ती थांबली. "आन् तुमी तरी कुठं इचारलाव? आक्काला फोन केलाव."

त्यानंतर गोठ्यात जे बोलणे झाले ते कामाचे होते. सुपरवायझरांनी म्हशीचे आणि गाईचे दूध वेगवेगळ्या बाटल्यांत भरून सील केले. युरिया जास्त आहे की नाही इतकेच पट्टी सांगते, किती आहे ते लातूरची प्रयोगशाळा सांगेल, असे ते म्हणाले. अहवाल येईपर्यंत नंबर बंद नाही आणि चालूही नाही. त्यांनी ओल्या मक्याचाही नमुना घेतला. जबाबाचा कागद मास्तरांनी लिहिला. त्यात त्यांनी 'पती-पत्नीच्या गैरसमजातून' असे शब्द घातले होते. भावजयीने वाचून ते शब्द काढायला सांगितले. 'युरिया दोनदा पडला' इतकेच ठेवा म्हणाली. मास्तरांनी खोडून तसे लिहिले. तिने सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही म्हशी तपासल्या आणि डोक्याला हात लावला. टोपले लहान होते आणि बरोबर कडबा भरपूर होता म्हणून निभावले, असे त्यांचे म्हणणे. उरलेल्या बॅगा एकाही जनावराला घालू नका, मी बघून सांगेपर्यंत शेडला कुलूप लावा, असे त्यांनी बजावले. भाऊ मान हलवत होता. डॉक्टर गेल्यावर तो बॅगा मोजत बसला. सात भरलेल्या, एक अर्धी.

मी निघण्याआधी पर्समधली पुडी काढली आणि भावजयीला दिली. तिने ती उघडली नाही. परसात नेऊन मातीत टाकली आणि कागद चुलीत घातला.

"तुमचं बी बरोबर होतं आक्का," ती म्हणाली. "डबा बगितला की कुणालाबी तसंच वाटंल."

"मी आधी तुला विचारायला हवं होतं."

"हाव," ती म्हणाली. "इचारायला पायजे होतं."

चाकूरहून नांदेडला येणाऱ्या बसमध्ये मी मंगळवारच्या फोनपासूनच्या नोंदी पुन्हा वाचल्या. गोणी कमी होती, हे खरे होते. डबा लपवलेला होता, हे खरे होते. फॅट वाढली होती, पट्टी पिवळी होती, ती बोलत नव्हती, हेही खरे होते. यांतली एकही नोंद चुकीची नव्हती. मी त्या पानाच्या खाली रेघ मारली नाही, कारण अहवाल यायचा होता.

अहवाल बारा दिवसांनी आला. मास्तरांनी त्याचा फोटो मला पाठवला. म्हशीच्या दुधात युरियाचे प्रमाण जास्त आहे, पण बाहेरून मिसळल्याचे म्हणता येत नाही, तो खाद्यातून आल्याचे दिसते, असा त्यात निष्कर्ष होता. गाईचे दूध सामान्य होते. ओल्या मक्यातले युरियाचे प्रमाण डॉक्टरांच्या कागदावरच्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट निघाले.

तोवर म्हशींना कडबा आणि पेंडीवर ठेवून दोन आठवडे होत आले होते. अहवाल आला त्याच संध्याकाळी मास्तरांनी केंद्रावर पुन्हा पट्टी लावली. ती फिकट निघाली. नंबर सुरू झाला. केंद्राच्या फळ्यावर तिच्या नंबरापुढे जी फुली होती, ती पुसली गेली.

त्या संध्याकाळी कॅन घेऊन भाऊ गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच गेला. रांगेतल्या बायकांनी त्याला पुढे जागा दिली, असे मास्तरांनी फोनवर सांगितले.

फेब्रुवारीच्या शेवटी मी भावाशी बोलले. नंबर तिच्याच नावावर चालू आहे. दूध रोज जाते. ते दोन्ही वेळा भाऊ नेतो. भावजय त्या मंगळवारनंतर केंद्रावर गेलेली नाही.